तोडगेवाले शुक्रीकाका

माझ्या शुक्रीकाकांना बसून बोलता येत नसे. पहिलं वाक्य खुर्चीत, दुसरं उभ्याने, तिसरं खिडकीपाशी, आणि चौथ्या वाक्याला ते गच्चीचा जिना चढत असायचे. ऐकणाऱ्याने मागोमाग जायचं. आमच्या ऐन सिद्र गावात त्यांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला तोही असाच, बाकांमधून येरझारा घालत. टेबलावर चहाचा ग्लास ठेवलेला असे. फेरी मारून आले की एक घोट, की पुन्हा फेरी. ग्लासात चहा आहे की नुसतं पाणी, याकडे त्यांचं लक्ष नसायचं. मीही त्यांच्या वर्गात होतो, म्हणून सांगतो.

आमचं गाव दोन वस्त्यांचं. वरची वस्ती जेरुसलेम महापालिकेच्या हद्दीत, तिथल्यांकडे निळं ओळखपत्र. खालची वस्ती आमची, वेस्ट बँकेतली, हिरव्या ओळखपत्रांची. मधे भिंत. निळेवाले हवं तेव्हा खाली येतात. हिरवेवाल्यांना वर जायचं तर परवाना लागतो, आणि परवाना मागायला गेलं की कारण लागतं, आणि 'पलीकडे माझी माणसं राहतात' हे कारण त्यांच्या यादीत नाही.

नव्वदच्या दशकात, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी हात मिळवले त्या काळात, वाटाघाटीच्या नकाशांसाठी गावोगावची वाडी-विहीर जाणणारा माणूस हवा होता. काकांना दोन महिने जेरिकोच्या एका हॉटेलात नेलं. एका लांब टेबलाच्या या बाजूला काका, त्या बाजूला नफ्ताली नावाचा इस्रायली सर्वेक्षक. कुठली टेकडी कुठे, कुठल्या ओढ्याला कोण काय म्हणतं, यावर दोघे दिवसभर हमरीतुमरीवर येत आणि संध्याकाळी एकाच बशीतले भुईमूग खात. ते दोन महिने काकांच्या अंगात भिनले ते कायमचे. बोलणी फिसकटली, टेबल मोडलं, हॉटेल बंद पडलं. काका मात्र त्या टेबलावरून उठलेच नाहीत.

घरी भला मोठा नकाशा आणि त्यावर अंथरायला पारदर्शक कागद. बातम्यांत कुणी तोडग्याचं नुसतं नाव काढलं की काका कागद अंथरायचे. दोन देश, मधे सरळ सीमा. दोन देश, पण त्यांच्या मोठ्या वसाहती त्यांना आणि बदल्यात तेवढीच जमीन आपल्याला. दोन देश, पण फाटक उघडं, कुणीही कुठेही राहावं आणि मत आपापल्या देशात द्यावं. मधूनच कुणीतरी म्हणायचं, सगळ्यांचा मिळून एकच देश का नको? मग काका खवळायचे. शुक्रवारच्या जेवणाला आम्ही सगळे जमायचो, भात-मटणाच्या मकलुबाचं पातेलं ताटात उलटं केलेलं, वाफ निघतेय, आणि काका पाच टक्के जमिनीवर अडलेले. सुहैलाकाकू म्हणायची, "गॅसचं सिलिंडर संपलंय त्याच्यावर आधी तोडगा काढा. जेरुसलेम कुठे पळून जात नाही."

"तू हसतेस. पण रेषा नीट मारली ना, की दोघं भाऊ सुखाने शेजारी राहतील."

"तुम्ही आणि तुमचा भाऊ एका गच्चीखाली राहता, तर पाण्याच्या टाकीवरून बोलत नाही तुम्ही!" काकू म्हणायची. तो भाऊ म्हणजे माझे वडील. ते निमूट भात वाढून घ्यायचे.

मला काकांचा राग यायचा. माणूस लाघवी, विद्वान, कुणाच्या अडीअडचणीला धावून जाणारा. पण त्यांच्याशी दहा मिनिटं बोललं की आपल्या पायाखालची जमीन टक्केवारीत मोजली जातेय असं वाटायचं. नफ्तालीचा फोन यायचा तेव्हा तर घर डोक्यावर घ्यायचे. एकदा मात्र फोन अर्ध्या मिनिटात संपला. पश्चिम जेरुसलेममध्ये बसमध्ये स्फोट झाला होता आणि नफ्तालीची भाची त्या बसमध्ये होती. जगली, पण एक पाय गेला. नफ्ताली म्हणाला होता, "शुक्री, काही दिवस मला फोन करू नकोस. तुझ्यावर राग नाही, पण करू नकोस." काकांनी वर्षभर केला नाही. रोज सकाळी फोनपाशी जाऊन उभे राहायचे आणि परत फिरायचे. वर्षाने नफ्तालीनेच केला, आणि पहिलं वाक्य काय, तर "ती आमच्या नकाशातली अडतीस नंबरची विहीर, ती नक्की कुठल्या बाजूला होती रे?" काका त्या दिवशी रडले. मी पाहिलंय.

आता माझं सांगतो, कारण काकांची खरी परीक्षा माझ्यापायी झाली.

मी बेथलेहेममध्ये दातांच्या कवळ्या बनवतो. खालच्या वस्तीतली एक म्हातारी बाई कवळी बसत नाही म्हणून चारदा आली. चारही वेळा बरोबर तिची भाची होती, अरीज. वरच्या वस्तीची, जेरुसलेमच्या इस्पितळात नर्स. कवळी दुसऱ्याच खेपेला बरोबर बसली होती, हे त्या बाईलाही माहीत होतं आणि मलाही. अरीजला बोलायला लागत नसे; नुसती बघायची आणि मला कवळीचे वरचे दात खाली लावल्यासारखं वाटायचं.

अडचण कार्डांची. निळ्या बायकोच्या हिरव्या नवऱ्याला शहरात राहायची परवानगी पस्तिशी उलटेपर्यंत मागतासुद्धा येत नाही. मी तेव्हा एकोणतीस. ती खाली आमच्याकडे नांदायला आली, तर 'तुझं बिऱ्हाड शहरात नाही' म्हणून तिचं निळं कार्ड जाणार. कार्ड गेलं की नोकरी, आणि भिंतीपलीकडच्या आईबापाकडे जायलाही मग परवाना. म्हणजे लग्न करा, पण राहू नका.

तरी घरच्या बायकांनी मिळून सगळं जुळवत आणलं. राहिली होती ती जाहा. मुलीला मागणी घालायला मुलाकडची वडीलधारी मंडळी जातात ती जाहा. तिची रीत कडक. कॉफी येते, म्होरक्याने पेला हातात न घेता समोर ठेवायचा आणि म्हणायचं, आमचं मागणं मान्य होईपर्यंत ही पिणार नाही. मुलीचा बाप म्हणतो, प्या, मागितलंत ते दिलं. मग सगळे पितात, बायका आतून आनंदाने चीत्कारतात. मागणं घालण्याआधी म्होरक्याने कॉफी घेतली, तर त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो: पाहुण्याला काही मागायचं नाही, सहज आला होता.

म्होरके अर्थात शुक्रीकाका. गावात त्यांच्या शब्दाला मान, सगळे त्यांना उस्ताज, म्हणजे मास्तर म्हणत. वर जायला आम्हाला परवाने नाहीत, म्हणून जाहा अरीजच्या घरी न जाता खालच्या वस्तीत तिच्या आत्याकडे, त्या कवळीवाल्या बाईकडे. मुलीकडचे खाली उतरले, आम्ही गल्ली ओलांडून गेलो. शुक्रवारची दुपार. आमचे चौदा पुरुष भिंतीला पाठ लावून खुर्च्यांवर. मी सगळ्यात शेवटी, नवीन बुटांत, जीव टांगणीला लागलेला.

अरीजचे वडील अबू मुनीर हे नळकाम करणारे. पंचवीस वर्षं पश्चिम जेरुसलेममध्ये ज्यूंच्या घरातले नळ दुरुस्त करतायत. जाड बोटं, कमी बोलणं. कॉफी फिरली. काकांच्या समोर पेला ठेवला गेला. काकांनी घसा साफ केला. इतक्यात अबू मुनीर म्हणाले, "उस्ताज, मागणं घालाल त्याआधी एक विचारतो. राग मानू नका."

"विचारा की."

"नकाशे तुम्ही काढलेत, आम्हाला काय कळतं. तो अमेरिकेचा मंत्री महिन्यात दोनदा येतोय. समजा जमलं. तुमचे दोन देश झाले. माझी अरीज कुठल्या देशात?"

माझ्या वडिलांनी माझा गुडघा दाबला. कारण काका उभे राहिले होते.

"अहो, सोपं आहे! अरबी वस्त्या आपल्याकडे, ज्यू वस्त्या त्यांच्याकडे. तुमची वरची वस्ती आपल्याच राजधानीत येते."

"आणि तिचं इस्पितळ?"

"ते त्यांच्याकडे."

"म्हणजे माझी मुलगी रोज परदेशात कामाला जाणार."

"उघडी सीमा असते, अबू मुनीर! युरोपात लोक न्याहारी एका देशात करतात आणि..."

"मी युरोपात नळ बसवत नाही. मला तुमची सीमा नको, फाटकही नको. एकच देश करा, एकच कार्ड द्या, सगळ्यांना एकेक मत. संपलं."

"ते देतील मत?" काका खोलीच्या मधोमध आले. "निम्मे ते, निम्मे आपण. त्यांना वाटतं, उद्या आपण जास्त झालो की त्यांचं घर गेलं. ते घाबरतात!"

"त्यांच्या स्वयंपाकघरात जातो मी, मला माहितीय घाबरतात ते. मीही घाबरतो. मग घाबरलेल्या दोघांच्यामधे भिंत बांधली की धीर येतो का?"

"भिंत नव्हे, सीमा! दोन्हीत फरक आहे! भिंत एकजण बांधतो, सीमा दोघं मिळून आखतात. माणसाला आधी स्वतःचं दार हवं, मग तो ते उघडेल. दार नसलेल्याला उघड म्हणून काय उपयोग?"

हे वाक्य काकांचं फार आवडतं. वर्गात ते म्हणून झालं की फेरी पूर्ण व्हायची. झालीही. ते खुर्चीपाशी परतले, हात खाली गेला, पेला उचलला, आणि एका घोटात रिकामा करून त्यांनी तो ठेवून दिला.

 दारात आत्याबाई खजुराचं तबक घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. काकांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग पेल्याकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. बसण्याचा प्रयत्न केला तर खुर्ची सरकली.

अबू मुनीर सावकाश उठले. "कॉफी घेतलीत, आनंद झाला," ते म्हणाले. "घर तुमचंच आहे. पुन्हा या." आणि आम्ही चौदा जण गल्लीत आलो.

मला त्या वेळी काकांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. वडील म्हणाले, दुसरी जाहा नेऊ, दुसरा म्होरक्या बघू. काका रस्त्यात मधेच थांबून म्हणाले, "आयुष्यभर मी त्या पुढाऱ्यांना शिव्या दिल्या की मुख्य प्रश्न ठरायच्या आधी मेजवान्या झोडल्या म्हणून. आणि मी काय केलं?"  मी मुद्दाम पुढे चालत राहिलो.

पुढचे दहा दिवस त्यांच्या पायाला भिंगरी लागली. त्यातच त्या अमेरिकेच्या मंत्र्याची बोलणी मोडली. बातमी आली तेव्हा मी गच्चीवरच होतो. एरवी कागद अंथरला असता; तेव्हा फक्त "हूं" म्हणाले आणि टाकीभोवती फेऱ्या मारत राहिले. अकराव्या दिवशी आत्याबाई निरोप घेऊन आल्या. "अबू मुनीर म्हणतात, दुसरा कुणी नको, उस्ताजच येऊ देत. एकटे. पण देशाचं नाव घेऊन येऊ नका म्हणावं. माझी मुलगी कुठे राहील त्या गल्लीचं नाव घेऊन या."

काका दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले आणि अंधार पडायच्या सुमाराला धुळीने माखून परत आले. सलग तीन दिवस हेच. कुठे जाता, सांगायचे नाहीत. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "चल. आत्याबाईकडे. तू दाराशी थांबायचं."

अबू मुनीर वाट बघतच होते. पेले भरले गेले. काकांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, शाळेतल्या पोरासारखे.

"कफर अकब," काका म्हणाले. "थोरल्या मशिदीमागची गल्ली. सातवा मजला, लिफ्ट नाही."

मी चमकलो. कफर अकब जेरुसलेम महापालिकेत आहे, पण भिंतीच्या आमच्या बाजूला. भिंत बांधताना बाहेर राहून गेलेला तुकडा. तिथे निळी बायको राहिली तर कार्ड टिकतं, आणि हिरव्या नवऱ्याला कुणी विचारत नाही. पालिका कचरा उचलत नाही, आमचे पोलीस येऊ शकत नाहीत, त्यांचे येत नाहीत, इमारती एकमेकींना खेटून. काका त्या जागेला नकाशावर सांडलेली शाई म्हणायचे. त्यांच्या प्रत्येक तोडग्यात ती पुसून टाकलेली असे.

"पाणी?" अबू मुनीरांनी विचारलं. नळवाल्याचा पहिला प्रश्न.

"आठवड्यातून दोनदा. टाकी मी पाहिलीय. पायऱ्या मोजल्यात. तिथून इस्पितळाला जायला तपासणी नाक्यावर दीड तास धरा, पहाटे गेली तर पाऊण."

"आणि पुढे? उद्या कुणी रेषा हलवली, तर?"

 मला वाटलं आता काका उठतील, येरझारा सुरू होतील. ते हलले नाहीत. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

एकतीस वर्षांच्या मास्तरकीत आणि त्यानंतर, मी त्यांच्या तोंडून हे तीन शब्द ऐकले नव्हते. अबू मुनीरांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "हे त्या शुक्रवारी म्हणाला असतात तर खजूर ताजे होते," ते म्हणाले. "घ्या, उस्ताज. मागायला आलात ते दिलं."

लग्न झालं. सातवा मजला काकांनी सांगितला तसाच निघाला, पायऱ्या एकशे सव्वीस. मी आणि अरीज तिथे राहू लागलो. ती पहाटे साडेचारला नाक्यावर रांगेत, मी उलट्या दिशेने बेथलेहेमच्या रस्त्याला. तक्रार करत नाही. संध्याकाळी एका घरात दोघं जेवतो, हे आमच्यापैकी पुष्कळांना मिळत नाही.

तिसऱ्या वर्षी मुलगी झाली. शहराच्या इस्पितळात, निळ्या आईची. पण मुलीची नोंद व्हायला, तिला ओळखपत्राचा तिचा स्वतःचा नंबर मिळायला, आई खरोखर शहराच्या हद्दीत राहते याचे पुरावे लागतात. विजेची बिलं, घरपट्टी, भाडेकरार, लसीकरण, दोन दोन वर्षांचे. फाइल कार्यालयात गेली आणि बसून राहिली. नंबर नाही तोवर ती कुणाचीच नाही, कागदावर ती जन्मलेलीच नाही.

त्याच सुमाराला त्यांच्याकडचे एक-दोन पुढारी बोलू लागले होते, की भिंतीबाहेरच्या वस्त्या महापालिकेतून कापून टाकाव्यात. आणि आमच्याकडच्या, काकांसारख्या भल्या माणसांच्या तोडग्यांतही पहिल्याच दिवशी कफर अकब शहरातून निघून आपल्या देशात जाणारच होतं. शत्रूची कात्री आणि मित्राची पेन्सिल एकाच ठिकाणी टेकली होती. ज्या दिवशी ती रेषा ओढली जाईल, त्या दिवशी अरीजचं बिऱ्हाड शहराबाहेर, आणि फाइल कचऱ्यात.

काका दर आठवड्याला एकशे सव्वीस पायऱ्या चढून यायचे. धापा टाकत विचारायचे, "नंबर आला?" नाही म्हटलं की बसायचे. हो, बसायचे. मुलीला मांडीवर घ्यायचे आणि बसून राहायचे, पण पाय खालून सारखे हलत असायचे.

अशाच एका दुपारी त्यांचा फोन वाजला. नफ्ताली. त्याचा आवाज इतका आनंदात होता की मला पलीकडून ऐकू येत होता. दोन्हीकडचे जुने नकाशेवाले एकत्र येऊन नवीन योजना आखतायत, परदेशातल्या कुणा मोठ्या माणसाने ती वाचायची तयारी दाखवलीय, या वेळी खरंच काहीतरी होईल, गावांची नावं तपासायला शुक्री हवा.

वीसेक वर्षं काका या फोनची वाट बघत होते.

"नफ्ताली," ते म्हणाले, "किती दिवसांत करताय?"

"जितक्या लवकर तितकं बरं! आपण म्हातारे झालो."

"थोडं थांबता येईल?"

"थांबायचं? तू म्हणतोस हे? कशासाठी?"

काकांनी मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं. ती त्यांच्या शर्टाचं बटण चोखत होती. "आमच्या मुलीचा नंबर आलेला नाही अजून," ते म्हणाले. "तो येईपर्यंत तोडगा काढू नका. तुला हात जोडतो."

पलीकडे नफ्ताली काहीतरी विचारत राहिला. काकांनी फोन बंद केला, मुलीला माझ्याकडे दिली आणि उठून खिडकीशी गेले. माझ्याकडे पाठ करूनच बोलले.

"निझार, हे मी बोललो ते गावात कुणाला सांगू नकोस."